पोरांना धाक घालायला आम्हाला बोलावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एक बातमी आणि सोबत फोटो होता. दंगा करणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांसाठी एका शाळेने पोलिसांना बोलावले. पोलिसांनी मुलांना मैदानात ओळीने उभे केले, उठाबशा काढायला लावल्या आणि ‘समज देऊन’ सोडून दिले. बातमी कौतुकाने लिहिलेली होती. फोटोत मुलांचे चेहरे पुसट केले होते, पण मागच्या भिंतीवर शाळेचे नाव स्वच्छ वाचता येत होते. त्या गावात ती मुले कोण, हे सांगायला चेहरा लागलाच नसेल.

मी पोलीस खात्यात ३५ वर्षे नोकरी केली. शिपाई म्हणून लागले, सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून २०२२ साली निवृत्त झाले. लोकांच्या तोंडी अजून ‘सहायक फौजदार’च आहे. शेवटची पाच वर्षे मी आमच्या ठाण्याची बालकल्याण पोलीस अधिकारी, म्हणजे मुलांची प्रकरणे बघणारी अधिकारी होते. म्हणून या बातमीवर चार शब्द लिहिण्याचा मला अधिकार आहे असे समजते. आणि अधिकारापेक्षा जास्त म्हणजे, हे लिहिणे मी देणे लागते. का, ते पुढे येईल.

आधी एक आठवण सांगते. आषाढी वारीला आमचा बंदोबस्त पंढरपूरला लागायचा. गर्दीत लहान मुले चुकायची, मग ती आमच्या चौकीत आणायची, ध्वनिक्षेपकावरून पुकारा करायचा. एकदा चंद्रभागेच्या वाळवंटात चार-पाच वर्षांचा एक मुलगा एकटाच रडत उभा दिसला. मी हात पुढे करून त्याच्याकडे निघाले, तर त्याने माझी टोपी पाहिली आणि मोठ्याने किंचाळून उलट्या दिशेने, ऐन गर्दीत पळाला. एका वारकरी बाईने त्याला धरले. मी टोपी पिशवीत घातली, त्या बाईची शाल मागून वर्दीवर पांघरली, तेव्हा कुठे तो माझ्याजवळ आला. त्याची आई भेटली तेव्हा मी विचारले, तर ती बिचारी खाली बघून म्हणाली, “जेवत नाही म्हणून मीच भीती घालते हो, पोलीस धरून नेतील म्हणून.” चुकलेले लेकरू ज्याच्याकडे धावत यायला हवे, त्याच्यापासूनच ते पळत होते. एस.टी. स्टँडवर, दवाखान्यात, लग्नात, माझ्याकडे बोट दाखवून पोराला गप्प करणाऱ्या आया मी आयुष्यभर पाहिल्या. घरात पेरलेली हीच भीती आता शाळा पाणी घालून वाढवताहेत.

आता ते प्रकरण, ज्याचे ओझे माझ्यावर आहे.

डिसेंबर २०१४. सोलापूर जिल्ह्यातले एक गाव. शाळेचे आणि गावाचे नाव लिहीत नाही. मी तेव्हा हवालदार होते. सातवीच्या सहलीसाठी मुलांकडून जमा केलेले २,३५० रुपये वर्गशिक्षकांच्या टेबलाच्या खणातून गेले, म्हणून मुख्याध्यापकांचा ठाण्यात फोन आला. तक्रार द्यायची नव्हती. “कुणीतरी वर्दीतले पाठवा, पोरांना जरा दम दिला की बोलतील,” एवढेच मागणे होते. साहेब मला म्हणाले, “ताई, तुम्ही जाऊन या.” मीही निघाले. असे ‘जाऊन येणे’ आम्हाला नवीन नव्हते. डायरीला नोंद नाही, कागद नाही, मोटारसायकलवर बसायचे, दम द्यायचा, चहा घ्यायचा आणि परत यायचे.

मुख्याध्यापकांच्या खोलीत तीन मुले उभी होती. वर्गात पोरे पन्नासच्या वर होती. हीच तीन का, असे मी तेव्हा विचारले नाही. तिघेही एकाच वस्तीतले होते. ती वस्ती विमुक्तांची होती. जात मुद्दाम लिहीत नाही, लिहिली तर मुलगा ओळखू येईल. त्यातल्या सगळ्यात लहान चणीच्या मुलाला मी व्हरांड्यात घेतले. माझ्या हातात काठी होती. ती मी उगारली नाही, नुसती भिंतीला टेकवून उभी केली, आणि विचारले, “इथे सांगतोस का ठाण्यात नेऊ?”

तो काही बोलला नाही. पांढरा शर्ट आणि खाकी अर्धी चड्डी असा त्या शाळेचा गणवेश होता. माझ्याही अंगावर खाकी, त्याच्याही. बघता बघता त्याच्या चड्डीचा रंग मांडीपाशी काळा पडत गेला आणि शहाबादी फरशीवर ओघळ आला. तो ओघळ माझ्या बुटापर्यंत येईस्तोवर मी तिथेच उभी होते. मग तो म्हणाला, “मी घेतलं.” कुठे ठेवलेस? म्हणाला, चिंचेखाली. चिंचेखाली काही नव्हते. मग म्हणाला, ओढ्यात टाकले. मग म्हणाला, आईजवळ दिले. पंचवीसेक वर्षे नोकरी झालेल्या बाईला यावरून कळायला हवे होते की पोरगे जे सुचेल ते बोलते आहे, सुटका व्हावी म्हणून. मला कळलेही असेल. पण कबुली मिळाली होती, मुख्याध्यापकांचे समाधान झाले होते, आणि मी परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा बाप ठाण्यात आला. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर त्याने रुमालाची गाठ सोडली आणि नोटा ठेवल्या. मुकादमाकडून उचल घेऊन आला होता. मला म्हणाला, “बाई, मोजून घ्या. पोराला हितं नगा आणू. माझ्या आज्यानं सेटलमेंटात हजेरी दिली, बापाला रातच्याला उचलून न्यायचे. ह्याला तेवढं सोडा.”

ज्यांना सेटलमेंट म्हणजे काय ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या. आमच्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले जाई आणि रोज हजेरी घेतली जाई. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला आणि या जमातींना विमुक्त म्हणू लागले. कुंपण गेले, पण गावात काही हरवले की पहिली नजर कुठे वळते, हे प्रत्येक पोलिसाला माहीत आहे आणि प्रत्येक शिक्षकालाही. शाळा पोलिसांना बोलावते तेव्हा कुणाची पोरे पुढे उभी केली जातात, हे मी ३५ वर्षे पाहिले. डॉक्टरच्या, सरपंचाच्या, संस्थाचालकाच्या भाच्याच्या खोडीसाठी मला एकदाही फोन आला नाही. त्यांच्या घरी शिक्षक स्वतः जायचे, बसून बोलायचे. मग तेच बसून बोलणे वस्तीवरच्या पोराच्या वाट्याला का येऊ नये?

पैसे चौथ्या दिवशी सापडले. शाळेच्या कपाटात, पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यात. ठेवणाऱ्यालाच आठवण राहिली नव्हती. मुख्याध्यापकांचा फोन आला, “बाई, सापडले हो पैसे, उगीच तुम्हाला तसदी.” बापाने ठाण्यातून शाळेत नेऊन भरलेले पैसे शाळा परत द्यायला तयार होती, पण तोवर पालाला कुलूपही नव्हते, पालच उठले होते. उचल फेडायला ते कुटुंब ऊसतोडीला गेले होते आणि सातवीतले पोरगे सोबत होते.

टोळ्या एप्रिलात परत आल्या तेव्हा मी वस्तीवर गेले. साडी नेसून गेले, एकटी गेले. बापाची माफी मागितली. आईने चहा ठेवला. मुलगा मला पाहून जो पालामागे गेला तो मी असेपर्यंत बाहेर आला नाही. जूनमध्ये शाळेत चौकशी केली, तो आला नव्हता. त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही.

यावर मला कुणी म्हणेल, ही एका हवालदाराची चूक, त्यात पद्धतीचा काय दोष? पण मी त्या दिवशी जे केले त्याला तेव्हाही कायद्याचा आधार नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला मारायला बंदी आहे हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच कलमात मानसिक छळालाही बंदी आहे, हे कुणी वाचत नाही. शिक्षकाने छडी ठेवली आणि माझी काठी मागवली, तर कलम पाळले असे होत नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा आला, जानेवारी २०१६ पासून लागू झाला, आणि सगळे जास्तच स्पष्ट झाले. प्रत्येक ठाण्यात मुलांसाठी एक अधिकारी नेमायचा, तो या कामासाठी प्रशिक्षित असावा. मुलाशी बोलताना वर्दी घालायची नाही. बेडी नाही, कोठडी नाही, दमदाटी नाही. आईबापांना लगेच कळवायचे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल आणि सोबत कुणी मोठे माणूस नसेल, तर मुलावर एफ.आय.आर. सुद्धा करायचा नाही. स्टेशन डायरीला नोंद घ्यायची, मुलाच्या घरची परिस्थिती लिहून बाल न्याय मंडळाला पाठवायची. म्हणजे खरीखुरी चोरी केलेल्या मुलासाठी कायदा इतका जपून वागायला सांगतो. मग वर्गात शिट्टी मारणाऱ्या, बाकावर नाव कोरणाऱ्या मुलाला मैदानात वर्दीसमोर उठाबशा काढायला लावण्याचा अधिकार कुठून आला? त्या फोटोतल्या मुलांवर कसला गुन्हा होता, हे आपल्या बातमीदाराने विचारायला हवे होते.

आमच्या शेजारच्या कर्नाटकातल्या बिदरची गोष्ट अनेकांना आठवत असेल. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या एका शाळेत मुलांनी केलेल्या नाटकावरून गुन्हा दाखल झाला आणि त्या मुलांची शाळेत पुन्हा पुन्हा चौकशी झाली. वर्दीतले पोलीस मुलांसमोर बसल्याचे फोटो सगळीकडे फिरले. पुढच्या वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयाने हे प्रथमदर्शनी मुलांच्या हक्कांचे आणि बाल न्याय कायद्याचे उल्लंघन असल्याचे म्हटले, आणि २०२३ मध्ये तो गुन्हाच रद्द झाला. तिथे विषय शिस्तीचा नव्हता, हे मला कळते. पण शाळेच्या फाटकातून वर्दी आत शिरताना कुणी अडवत नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

शिक्षकांची अडचण मी जाणते. ठाण्यात येऊन माझ्यासमोर बसून रडलेले शिक्षक मी पाहिलेत. “हात लावला तर आमच्यावर गुन्हा, नाही लावला तर पोरे डोक्यावर बसतात,” हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुले, वर निवडणुकीचे काम, ऑनलाइन माहिती भरणे, आणि घरी आईबाप दोघे कामाला. मुलाच्या हातात मोबाइल, खिशात नशेसाठी व्हाइटनरची बाटली. एकट्या वर्गशिक्षकाने कुठे कुठे पुरे पडायचे? पण त्याला मदत हवी आहे ती समुपदेशकाची, भरलेल्या जागांची आणि पालकांची. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, निम्म्या महिला असतात. ही समिती पोषण आहाराचे तांदूळ मोजायला आणि सह्या करायला बसते. वर्गात वारंवार त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी त्यातल्या दोन आया जाऊन बसल्या, तर जे कळेल ते मला काठी आपटून कधीच कळले नसते.

पोलिसांनी शाळेत जायचेच नाही, असे माझे म्हणणे नाही. जायचे कसे, हे सांगते. २०१८ मध्ये एका शाळेतून फोन आला. नववीतल्या मुलाच्या कंपासपेटीत बटणाचा चाकू सापडला होता. चाकू म्हटल्यावर शाळेने फोन करणे योग्यच. मी साध्या साडीत गेले. मुख्याध्यापकांच्या खोलीत न बसता प्रयोगशाळेत बसले, कारण त्या खोलीला काचेची खिडकी होती आणि बाहेर पोरांची गर्दी. आधी त्याच्या आईला भाजीच्या गाड्यावरून बोलावून आणले. ती येईपर्यंत मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. त्याच्या वहीत क्रिकेटच्या मॅचचे आकडे लिहिलेले होते, त्यावर बोललो. आई आली, शेजारी बसली, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि पंधरा मिनिटांनी तो आपणहून बोलायला लागला. एस.टी. स्टँडवर दोन मोठी टोळभैरव पोरे, वीस-बावीस वर्षांची, त्याच्याकडून रोज पैसे काढून घेत होती. नाही दिले तर बहिणीचे नाव घेत होती. चाकू त्यांच्यासाठी होता. दोन महिने चाललेले हे प्रकरण तो कुणालाच बोलला नव्हता. मी डायरीला नोंद घेतली, चाकू ताब्यात घेतला, आणि त्या दोघांवर गुन्हा दाखल झाला. पोरगा पुढे दहावी झाला. त्याची आई पेढे घेऊन आली होती, ते तिने ठाण्यात सगळ्यांना दिले.

त्या दिवशी मी वर्दीत जाऊन दम दिला असता, तर तो चाकू कुणाचा आहे हे कळले असते. कशासाठी आहे हे कळले नसते.

आणखी एक प्रसंग थोडक्यातच लिहिते, लिहवत नाही. पाचवीतल्या एका मुलीला शाळेची ने-आण करणाऱ्या गाडीतला माणूस त्रास देत होता. चार महिने. आई तिला ठाण्यात घेऊन आली, मग उपनिरीक्षक मॅडमनी साध्या कपड्यांत तिच्या घरी जाऊन जबाब घेतला, मी सोबत होते. जबाब झाल्यावर मी तिला जवळ घेऊन विचारले, बाळा, आधी का नाही सांगितलेस? बाईंना सांगायचेस, आम्हाला सांगायचेस. ती म्हणाली, “शाळेत पोलीस आले होते ना, दंगा करणाऱ्या मुलांना न्यायला. मला वाटलं मलापण नेतील.” तिच्या शाळेत त्या वर्षी पोलिसांना दोनदा बोलावले होते. दोन्ही वेळा पोरांना ‘समज द्यायला’.

संपादक महोदय, ही मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून आपल्याला लिहायला बसले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय घडले ते सगळ्या राज्याने पाहिले. तिथल्या शाळेत अत्याचार झालेल्या लहान मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवायला तास न् तास ताटकळावे लागले, म्हणून लोक रेल्वे रुळावर उतरले. ज्या कामासाठी पोलीस शाळेत धावत पोहोचायला हवेत, ते हे काम. बोलावल्याबरोबर आम्ही पोहोचतो कुठे, तर दंगा करणाऱ्या पोरांना उठाबशा काढायला लावायला. ‘पोलीस काका’, ‘पोलीस दीदी’ ही कल्पना मला मनापासून आवडते. ओळखीचा एक चेहरा, शाळेच्या फळ्यावर एक नंबर. पण तोच काका महिन्याने येऊन वर्गाला दम देऊन गेला, तर त्या नंबरावर फोन कोणती मुलगी करणार?

शाळा जूनमध्ये सुरू होतात तेव्हा प्रत्येक मुख्याध्यापकांनी आपल्या ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याचे नाव विचारून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी ते नाव ठाण्यातल्यांनाही पटकन सांगता येत नाही, म्हणून विचारावेच. ते नाव आणि १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा क्रमांक मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ, मुलांना एकटे उभे राहून वाचता येईल अशा जागी लावावा. कार्यालयाच्या दारावर लावून उपयोग नाही, तिथे पोरे थांबत नाहीत. आणि माझ्या खात्यातल्या भावाबहिणींना हात जोडून सांगते, “जरा दम देऊन जा” असा फोन आला तर विचारा, तक्रार काय आहे? तक्रार असेल तर डायरीला घ्या आणि साध्या कपड्यांत जा. नसेल तर जाऊ नका. साहेब रागावतील, मुख्याध्यापक ओळखीचे असतील, तरी जाऊ नका.

आपल्याला दोन विनंत्या. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार, गुन्ह्यात अडकलेल्या मुलाचेसुद्धा नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल असे काहीही छापायला मनाई आहे. आपण छापलेल्या फोटोतल्या मुलांवर तर गुन्हाही नव्हता. तो फोटो आपल्या संकेतस्थळावर आज सकाळपर्यंत होता, तो काढून टाकावा.

दुसरी विनंती, हे पत्र छापलेत तर माझे नाव छापू नये. नावावरून माझे ठाणे कळेल, ठाण्यावरून शाळा, शाळेवरून तो मुलगा. तो आता तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. त्याने अकरा-बारा वर्षांपूर्वी चोरी केली नव्हती. पण गावात अजून कितीजणांना पावतीपुस्तकाची गोष्ट ठाऊक आहे, मला माहीत नाही.

आपली,
एक निवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक,
सोलापूर जिल्हा